परमिटवाला तुळशीराम

तुळशीरामने आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण हे खरं मानणारा आमच्या पनवेल भागात माझ्याशिवाय कुणी नव्हता. सगळे त्याला 'परमिट' म्हणत. परमिट आला, परमिट मिठागरावर गेलाय, असं. आणि हे नाव त्याला चिकटलं ते माझ्यामुळे.

दारूबंदी आली तेव्हा मी पनवेलला शाळामास्तर होतो आणि स्वतःला नाटककार समजत होतो. गावोगाव प्रचाराचे खेळ करा, असं वरून आलं, तेव्हा मी आठ दिवसांत तीन अंकी नाटक पाडलं. पहिल्या अंकात दारुड्या पितो, दुसऱ्यात त्याचा संसार बुडतो, तिसऱ्यात एक सज्जन शिक्षक येऊन त्याला अर्धा तास उपदेश करतो. शिक्षकाचं काम अर्थात माझं. तिसरा अंक सुरू झाला की लोक चपला शोधू लागत, पण हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली.

दारुड्याच्या कामाला माणूस मिळेना. आमचे मास्तर लोक प्यायल्यासारखे चालायला गेले की पाय मुरगळल्यासारखे दिसत. एके दिवशी बंदराच्या रस्त्यावर मिठाच्या गोणी उतरवणारा एक काटक मजूर सोबत्यांना कुणाची तरी नक्कल करून दाखवत होता. मी थांबून पोटभर हसलो आणि मग कळलं की नक्कल माझीच चालली होती. राग गिळून मी त्याला तालमीला बोलावलं. तोच तुळशीराम.

पहिल्याच तालमीत त्याने माझी सगळी वाक्यं बाजूला ठेवली. दारुड्या घरी येतो, दाराची चौकट धरतो, तिला "राम राम पाव्हणं" म्हणतो, आत या, बसा म्हणून आग्रह करतो आणि चौकट ऐकत नाही म्हणून रुसून उंबऱ्यावर बसतो. एवढंच. आमची हसून पोटं दुखली. कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला, "माझा बापूस असाच येयाचा." बापाला दारूनेच नेलं होतं. तेव्हा हा बारा वर्षांचा आणि धाकटा जगन अंगावर पिणारा. पुढे आईही गेली आणि जगनला यानेच वाढवलं. मी विचारलं, "आणि घरात शिरल्यावर बाप काय करायचा?"

"त्ये नको, मास्तर. लोकं हसाया येतात."

मीही बरं म्हटलं. तिथे माझं चुकलं.

खेळ गाजला. मामलेदारांनी तुळशीरामला शाल, नारळ आणि प्रशस्तिपत्र दिलं. 'दारुड्याची भूमिका उत्तम वठवल्याबद्दल' असा मजकूर, खाली सही आणि कचेरीचा गोल शिक्का. त्याने ते काचेत बसवून भिंतीला लावलं. आता त्या दिवसांत काही लोकांना सरकार पिण्याचं परमिट देत असे. या माणसाला दारूवाचून चालत नाही असं डॉक्टरने लिहून दिलं की शिक्क्याचा कागद मिळे. खाडीकडेच्या वस्तीला एवढं पुरे होतं. दारुड्या हा, शिक्का सरकारचा, म्हणजे परमिटच. ज्यांना अक्षरओळख होती त्यांनीही 'दारुड्या' एवढाच शब्द वाचला आणि पुढचे कष्ट घेतले नाहीत.

जासईच्या गोदूशी त्याची सोयरीक जमत आली होती. तिचा बाप घर बघायला आला, भिंतीवरच्या कागदासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग अदबीने म्हणाला, "दिसाला किती मंजूर हाय?" तुळशीरामने शपथा घेतल्या, कागद वाचून दाखवला. काही उपयोग झाला नाही. ही हकिकत त्याने मला हसत हसत, नक्कल करून सांगितली, पण त्यानंतर स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाही. "आता जगनचं करू," म्हणायचा. जगनला मिठात उभं राहू द्यायचं नाही, एसटीत चिकटवायचं, त्याचं घर मांडून द्यायचं. या जगात त्याला हवी असलेली एवढी एकच गोष्ट होती.

जगन अठरा वर्षांचा, देखणा. प्रत्येक खेळाला पहिल्या रांगेत बसायचा. बाप त्याला आठवतच नव्हता, त्यामुळे त्याच्या लेखी दारू म्हणजे दादूसचा पहिला अंक. पिणारा माणूस म्हणजे सगळ्यांचा लाडका, हजरजबाबी, कुणाच्या बापाला न भिणारा. त्यात बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा येई. तिथे नायकाचं प्रेम मोडलं की हातात पेला आणि पेल्यामागून हमखास गोड गाणं. पिऊन ओकणारा नायक त्या पोरांनी काही पाहिला नव्हता. तिवरांच्या आड हातभट्ट्या लागतच होत्या. जगन आणि त्याचे मित्र तिकडे जाऊ लागले. पिऊन परतताना तो वस्तीतल्या दारांना "पाव्हणं" म्हणायचा. पण त्याला ते जमत नसे. कुणी हसलं नाही की तो लाथ घाली.

तुळशीराम शाळेत आला, वर्गाबाहेर उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, तिसरा अंक पयला करा. लोकं ताजी हायत तवर तुमी बोला. माझं मागनं ठेवा."

मी म्हटलं, नाटकाचा शेवट शेवटीच असतो. मला वाटलं, हा अडाणी मला नाटक शिकवतोय. तो परत मिठागरावर गेला.

पुढचा खेळ बेलपाड्याला होता. तुळशीराम प्रवेशाला आला, चौकटीजवळ गेला आणि तिला काही न बोलता आत शिरला. मग बाप घरात काय करायचा ते त्याने दाखवलं. भाताचं भांडं उलथलं. नसलेल्या बाईचे केस धरले. खाटेखाली लपलेल्या पोराला पाय धरून ओढलं आणि एकदम थांबून तिथेच, धोतरात, उभ्या उभ्या मुतणाऱ्या माणसासारखा खाली बघत राहिला. सुरुवातीला लोक हसले. मग कुजबुज झाली. मग मागून आरोळ्या आल्या, "ए परमिट, पाव्हणं कर, पाव्हणं." तो करेना. बायका पोरं उचलून निघाल्या. मी पडद्यामागून बघत होतो. इतकं खरं काम मी आजवर पाहिलेलं नाही.

घरी जाताना जगन शरमेने लाल झाला होता. मी बरोबर चालत होतो. तो म्हणाला, "दादूस, आज तुला जास्ती झाली."

तुळशीराम थांबला. "जगन, मी पितो असं तुला वाटतं?"

"परमिट हाय ना तुझ्याकडं."

"तुला वाचता येतं रे. काय लिवलंय त्यावर?"

"सरकार उघड कशाला लिवल?" मग दुखावल्यासारखा म्हणाला, "एवढी वर्सं घरात हाय, कवा घोटभर तरी दिलीस मला? भट्टीवरची घाण प्यावी लागते."

एका ताटात जेवलेला, याच्या पाठीवर वाढलेला भाऊ. घरी जाऊन तुळशीरामने काच फोडली आणि कागद चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी वस्तीत झालं, परमिट लपवून ठेवलं म्हणून.

सव्वा वर्षाने, होळीच्या आधी, भट्टीवाल्याने मालात पॉलिशचं स्पिरिट घातलं. चौघं आंधळे झाले आणि जगन दवाखान्यात पोचायच्या आत गेला. तो वीस वर्षांचा होता.

दहाव्याला आम्ही गाढी नदीवर होतो. पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, असं सगळे मानतात. वडीलधाऱ्या काशिरामने हात जोडून सांगून पाहिलं, घरचं आम्ही बघू, सुखाने जा. कावळा आला नाही. ऊन चढलं. मग काशिराम तुळशीरामकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "त्याच्या आवडीचं ठेव. तुझ्याकडं हाय ती थोडी दे. आता तरी दे."

"माझ्याकडं नाय, काका. कवाच नव्हती."

दोघांनी तोंडं फिरवली. तुळशीराम माझ्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, तुमी तरी सांगा यांना."

मी पुढे झालो आणि सांगितलं. नाटक मी लिहिलं, कागद बक्षिसाचा होता, हा माणूस कधी प्यायलेला नाही. जन्मात पहिल्यांदा मी उपदेश न करता बोललो असेन. काशिराम ऐकून घेऊन म्हणाला, "तुमी बोलणारच, मास्तर. तुमचंच नाटक हाय."

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक आंघोळी करून निघाले, तुळशीरामसाठी कुणी थांबलं नाही. मी त्याच्या शेजारी बसलो. तो झाडावरच्या कावळ्यांकडे बघत होता.

"यांचं सोडा, मास्तर," तो म्हणाला. "पन जगन रुसलाय. त्याला अजून वाटतंय, माझ्याकडं हाय आन मी देत नाय."