पाचपैकी पाच

शिक्षकाच्या हाताला एक खोड असते. काही चांगलं दिसलं की तो हात सढळ होतो, गुण जास्त पडतात. गोव्यात डिचोलीच्या शाळेत मराठी शिकवता शिकवता ही खोड माझ्या हाडात मुरली. तिनेच माझा घात केला, आणि अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तेव्हा मी सिनेमांवर मराठीत ब्लॉग लिहायची. वाचणारे पंचवीस-तीस, त्यातले निम्मे नातेवाईक. पुण्याला, नाशकाला असे लिहिणारे पुष्कळ होते. त्यांनी मिळून ऑनलाइन पुरस्कार सुरू केले. मत फक्त ब्लॉगवाल्यांनी द्यायचं. बक्षीस म्हणजे पहिल्या आलेल्या सिनेमाचा पुण्यातल्या खऱ्या थिएटरात एक खेळ.

त्या वर्षी शेवटच्या पाचांत आमच्या शाळेच्या ड्रॉइंग सरांचा कोंकणी सिनेमा होता. सर पेडण्याकडच्या इब्रामपूरचे. वडील तेरेखोलच्या फेरीबोटीवरून निवृत्त झालेले, त्यांनाच कॅमेऱ्यापुढे उभं करून सरांनी हा सिनेमा काढला. एकाही थिएटरने तो घेतला नाही. गावात देवळाच्या मांडवात पांढरा कपडा बांधून दाखवला, तर वाऱ्याने म्हाताऱ्याचा चेहरा सारखा वाकडा होत होता.

"बापायक एकदा थेटरात बसवन दाखवचो आसा, बाई," सर म्हणायचे. वडिलांना थिएटरात बसवून तो दाखवायचा, एवढीच त्यांची इच्छा.

स्टाफरूममध्ये अकरा वर्षं आमचा एकच वाद, मराठी की कोंकणी. ते कोंकणीत भांडायचे, मी मराठीत, आणि पोदेराकडचा उंडा पाव दोघं अर्धा अर्धा चहात बुडवून खायचो. "एकदा तरी माझ्याशी मराठीत बोला हो," मी म्हणायची. ते हसून म्हणायचे, "तुमी मराठीवाले आमका कधी वयर येवक दिवचे नात." आम्ही म्हणे त्यांना वर येऊ देणार नाही!

सिनेमा मला मनापासून आवडला होता, ओळखीचा म्हणून नव्हे. नोकरीच्या शेवटच्या दिवशी म्हातारा फेरीबोट धुतो आणि झाडू जागेवर ठेवून घरी जातो, बस्स. मी रडले.

मत द्यायच्या शेवटच्या दिवशी नेट तीनदा गेलं. चौथ्यांदा फॉर्म उघडला. पाच नावं, प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन, आणि वर इंग्रजीत भलीमोठी सूचना. मुलांना मी जन्मभर बजावत आले, प्रश्न नीट वाचा म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! सूचना न वाचता मी सरांच्या सिनेमापुढे पाच लिहिले. मग चार, तीन, दोन. ज्यात नायक विनाकारण पळत सुटतो, त्याला एक.

दुसऱ्या दिवशी सरांना तोऱ्यात सांगितलं, "पाचपैकी पाच दिलेत."

"देव बरें करूं, बाई," ते म्हणाले.

आठवड्याने निकाल लागला. पळणारा नायक पहिला. सरांचा सिनेमा दुसरा, तीन गुणांनी मागे. आयोजकांना आपल्या पारदर्शकपणाचा भारी अभिमान, म्हणून कोणी कोणाला काय दिलं तेही त्यांनी नावानिशी छापलं. तिथे माझ्या ब्लॉगच्या नावापुढे लिहिलेलं: पळणारा नायक, पहिली पसंती. कोंकणी सिनेमा, शेवटची.

तेव्हा कुठे मी सूचना वाचली. चौकोनात गुण नव्हे, पसंतीचा क्रमांक लिहायचा होता. पहिल्या क्रमांकाला पाच गुण, पाचव्याला एक. मी नीट लिहिलं असतं तर सरांचे चार गुण वाढले असते, आणि म्हातारा पुण्याला गेला असता. उत्तरपत्रिकेच्या पाठीवर मी ही बेरीज पुन्हा पुन्हा करून पाहिली. दर वेळी उत्तर तेच.

आयोजकांना लिहिलं. ते म्हणाले, निकाल बदलणार नाही, पण पानावर दुरुस्ती टाकतो. टाकली: 'मतदाराच्या विनंतीवरून क्रमांक उलट केले आहेत.' म्हणजे पकडली गेल्यावर शब्द फिरवला, असं वाचणाऱ्याला वाटावं. कपाळ माझं! त्यापेक्षा गप्प बसले असते तर बरं.

स्टाफरूममध्ये गेले तेव्हा सरांनी सगळं वाचलेलं होतं. मी कागद पुढे ठेवून समजावलं, गुण कसे, क्रमांक कसे, माझी सवय कशी. बोलत गेले तसं मलाच ते खोटं वाटू लागलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमका आवडाक ना, तर तोंडार सांगूक जाय होतां," एवढंच म्हणाले.

"अहो, आवडला होता!"

ते वर्गावर निघून गेले. अर्धा उंडा बशीत तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. मी घाईघाईने खुर्ची सरकवली. ते उभेच राहिले आणि म्हणाले, "बाई, आपला तास झाल्यावर कृपया फळा पुसून ठेवाल का? पुढचा तास माझा आहे."

एकही चूक नसलेलं मराठी. मी निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी मराठीतच बोलले.