लगदामामाचा दुसरा करकोचा

माझ्या मामाला चांगलं खणखणीत नाव आहे, पण ते फक्त पोस्टमन वापरतो. बाकी सगळ्यांचा तो लगदामामा. रद्दी भिजवायची, कुटायची, त्यात खळ कालवायची आणि त्या लगद्यातून नाटकाला लागेल ते उभं करायचं, हा त्याचा धंदा. मुकुट, कवट्या, तोफा, एकदा तर अख्खा जिना. त्या जिन्यावर ‘चढू नये’ अशी पाटी लावायला हवी होती. मामाने ती मुद्दाम लावली नाही, कारण कोण चढतं ते त्याला बघायचं होतं. दिग्दर्शक चढले.

एवढ्यावरून मामाचा स्वभाव कळावा. तो खोटं कधी बोलत नाही, खोटं बनवतो. समोरच्याने त्यात पाय घातला की पडद्याआड जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसतो.

तो राहतो मावशीच्या घरी, वरच्या खोलीत. मावशी त्याची मोठी बहीण. त्या खोलीत पाऊल टाकण्याआधी दारातून ओरडायचं असतं, "मामा, ओलं काय आहे?" कारण खुर्ची ओली असू शकते. दोरीवर कपड्यांच्या जागी माना वाळत असतात. खिडकीतल्या डब्यात जुन्या कोटांची बटणं, म्हणजे मामाच्या लेखी डोळे. धंद्यातून सवड मिळाली की तो पक्षी करतो. कोणी सांगितलेलं नसतं, कोणाला नको असतात, तरी करतो. आत तारेचा सांगाडा, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या, वर रंग, शेवटी वॉर्निशचा हात. "पोटात बातम्या आणि वर पिसं," असं तो म्हणतो.

मावशी इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त झाली आणि तिने पक्षीमंडळ काढलं. तिच्या हाताखाली राबलेल्या नर्स म्हणतात, तिने फक्त वॉर्ड बदलला. जुन्या पंपघरामागे एक तळं आहे, कडेला उंच गवत, भोवती तारेचं कुंपण. रोज सकाळी मंडळ तिथे जातं. रांगेत चालायचं, कुजबुजत बोलायचं, शिंक आली तर कोपरात शिंकायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम: दमून आलेल्याला उठवायचं नाही. वॉर्डात असतानाही मावशीने झोपलेल्या पेशंटला मोठ्या डॉक्टरांसाठीसुद्धा कधी उठवू दिलं नव्हतं. हवा पालटली की उत्तरेकडून पाखरांचे थवे उतरतात, या तळ्यावर टेकतात, खातात, पुन्हा पुढे निघतात. फोटोसाठी म्हणून टाळी वाजवून त्यांना उडवणारा माणूस त्याच दिवशी मंडळाबाहेर.

मामा मंडळाबाहेर गेला तो मात्र टाळीमुळे नाही.

मागच्या मोसमात तळ्याच्या मधोमध एक रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उभा राहिलेला दिसला. गुलाबी, बाकदार मानेचा. या भागात रोहित कोणी पाहिलेला नव्हता. मंडळात सगळ्यांत मोठी दुर्बीण दातांच्या डॉक्टरांची. ती तीन पायांवर उभी राहते आणि डॉक्टर तिच्यामागे वाकून राहतात, जणू कोणाच्या तरी दाढेत बघताहेत.

"निःसंशय रोहित!" डॉक्टर म्हणाले. "पूर्ण वाढ झालेला नर."

वर्तमानपत्राचा माणूस आला. डॉक्टरांनी दुर्बिणीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. आणि बारीक पाऊस सुरू झाला. नेमकं वॉर्निश संपलं होतं, आणि तेवढ्यासाठी थांबायचा धीर मामाला नव्हता. आधी गुलाबी रंग पाण्यात उतरला. मग चोच वाकली. मग मान सावकाश खाली बसली, जसं एखादं म्हातारं माणूस खुर्चीत बसतं. शेवटी पोट उकललं आणि आतून त्याच वर्तमानपत्राचं शब्दकोडं बाहेर आलं, निम्मं सोडवलेलं. मामाच्या अक्षरात.

मावशीने तिथल्या तिथे निकाल दिला. "तू उद्यापासून यायचं नाहीस."

मामा त्या दिवशी खूप हसला. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीसारखा उठला, बूट घातले, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. मावशी त्याच्या बाजूने वाट काढून निघून गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. मग तो बूट घालायचा बंद झाला आणि त्या महिन्यात त्याने एकही पक्षी केला नाही. नुसत्या कवट्या केल्या.

"ताई, माफ कर ना आता," तो वर्षभर म्हणत राहिला.

"पुढच्या मोसमात पाखरं येऊन पुढे जाईपर्यंत पाण्यात एकही कागदी पक्षी दिसता कामा नये. मग बघू."

मावशीचं ‘बघू’ म्हणजे जवळजवळ हो. मामाने ते ‘बघू’ जपून ठेवलं.

नेमका त्याच मोसमात आम्ही मुलांचं नाटक बसवत होतो. त्यात एक काळा करकोचा राजाच्या सिंहासनावर येऊन बसतो आणि उठायला तयार होत नाही. मी झाडूवाली, त्याला उठवायचं माझ्याकडे. करकोचा अर्थात मामानेच केला. काळं अंग, त्यावर हिरव्या-जांभळ्या रंगाची झाक, पांढरं पोट, लाल चोच, लाल पाय. गॅलरीत आठवडाभर वाळत होता. गल्लीतल्या प्रत्येकाने वर बघून विचारलं, "मामा, हा कुठे पोहायला जाणार?"

"रंगमंचावर!" मामा वरून ओरडायचा. "शप्पथ, रंगमंचावरच!"

आणि मग ती सकाळ आली.

मंडळ कुंपणाच्या आत, मीही त्यांच्यात. मामा कुंपणाच्या बाहेर, तारेला नाक लावून. बाहेर उभं राहायला बंदी नव्हती. धुकं हळूहळू उठत होतं. अचानक मामाने इतक्या दबक्या आवाजात हाक मारली की सगळे दचकले.

"ताई! गवताच्या टोकाला बघ. काळा करकोचा! खरा आहे गं, खरा!"

सगळ्या दुर्बिणी वळल्या. उथळ पाण्यात एका पायावर काळा करकोचा उभा होता. काळं अंग, पांढरं पोट, लाल चोच. हलत नव्हता, डुलत नव्हता. मग डॉक्टर हसले, मग डॉक्टरीणबाई, मग सगळेच, कोपरात तोंड खुपसून, नियमाप्रमाणे.

"मामा," डॉक्टर म्हणाले, "या वेळी आम्ही आधी पावसाची वाट बघणार."

"अहो, मी नाही ठेवला! आईशप्पथ!"

"गॅलरीत आठवडाभर कोण लटकत होता मग? तुमचा पाहुणा?"

"तो नाटकाच्या हॉलवर आहे! पोरी, जा, पळ, घेऊन ये तो. दाखव यांना."

मी पळाले. हॉल दोन गल्ल्या पलीकडे. सिंहासनावरून करकोचा उचलला, काखेत मारला आणि धावत सुटले. रस्त्यात एक सायकलवाला मला बघून खांबाला धडकला. मी धापा टाकत तळ्यावर पोचले आणि विजयी मुद्रेने तो वर धरला.

"बघा! हा इथे आहे! मग तो तिथे कोण?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे मामा, तुम्ही जोडी केलीत!"

मामाने तारेवर कपाळ टेकलं. डॉक्टर मात्र आता रंगात आले.

"पोरी, जरा उंच धर. हं, आता इकडे वळव." ते दुर्बिणीतून एकदा तळ्यातला बघत, एकदा माझ्या हातातला. "हातातला जास्त खरा वाटतो."

"हो ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाण्यातल्याची मान बघा, जाड झालीय. उशी कोंबल्यासारखी."

"आणि पायांचा लाल? इतका भडक लाल निसर्गात नसतो. घाई केलीत मामा, दुसऱ्याला घाई केलीत."

मी मावशीकडे बघितलं. ती दुर्बीण डोळ्यांना लावून दगडासारखी उभी होती. ओठ घट्ट मिटलेले. आता मामाचं काही खरं नाही, मला वाटलं. वर्षभर जपलेलं ‘बघू’ डोळ्यांदेखत चाललं होतं.

"खरा आहे ना तो?" डॉक्टरीणबाईंनी कुंपणाकडे वळून विचारलं. "मग उडवून दाखवा की! टाळी वाजवा एक. उडाला तर तुम्ही जिंकलात."

एरवी या वाक्यावर मावशीने बाईंना घरी पाठवलं असतं. पण कागदाच्या पक्ष्याला कसला नियम? सगळे मामाकडे बघायला लागले. गंमतच होती. एक टाळी वाजली की डॉक्टरांची दुर्बीण उलटी, मंडळाचं तोंड बंद आणि मामा कुंपणाच्या आत.

मामाने दोन्ही हात वर घेतले. नखांत कालची खळ होती. डोळ्यांत तीच जुनी चमक, जिन्यावर दिग्दर्शक चढताना होती ती.

मग त्याने टाळीच्या आधी, का कोण जाणे, एकदा पाण्याकडे पाहिलं. करकोच्याचा डोळा मिटत होता. छातीची पिसं ओली होती, चिकटलेली. वर घेतलेला पाय मध्येच खाली घसरायचा आणि तो पुन्हा सावरून वर घ्यायचा, उभ्या उभ्या पेंगणाऱ्या माणसासारखा.

मामाचे हात तसेच हवेत राहिले. मग खाली आले आणि खिशात गेले.

"नाही," तो म्हणाला. "मान मला जमलीच नाही या वेळी."

"आलं ना शेवटी ओठावर!" डॉक्टर म्हणाले.

"लालही भडकच झाला," मामा म्हणाला. "डब्यात उरला होता, म्हटलं संपवून टाकू."

मी रंगमंचावर पुष्कळ नट जवळून पाहिलेत. इतकं बेमालूम वाक्य टाकताना एकालाही पाहिलेलं नाही.

पण डॉक्टरांचं अजून भागलं नव्हतं. ते पँट खोचायला लागले. "मी गमबूट घातलेत. आत्ता जाऊन काढून आणतो, दवाखान्यात ठेवू."

मामाचा चेहरा पांढरा पडला. आणि मावशीचा वॉर्डातला आवाज निघाला.

"डॉक्टर! पाण्यात पाय घालायचा नाही. ज्याचा उपद्व्याप, तोच निस्तरेल." ती कुंपणाकडे वळली. "संध्याकाळपर्यंत हा इथून गेला पाहिजे. ऐकू आलं?"

"जाईल, ताई."

"आणि बाकीच्यांनी आज तळ्याकडे फिरकायचं नाही. असल्या चाळ्यांना प्रेक्षक मिळाले की ते वाढतात. चला, रांगेत!"

मंडळ रांगेत निघून गेलं. मी नाटकातला करकोचा काखेत घेऊन मागून. मामा तारेला नाक लावून तिथेच.

उन्हं कलली तशी तालीम संपवून मी पुन्हा तळ्यावर गेले. मामाची समजूत घालावी म्हणून. तर कुंपणाचं दार उघडं. आत गवताआड एका पालथ्या बादलीवर मावशी, तिच्याशेजारी मातीतच मामा.

"हळू!" मावशी माझ्यावर खेकसली, कुजबुजत. "खाली बस."

"मावशी, तुला कळलं होतं?"

"कळायचंय काय? तू नाटकातला हातात धरून नाचवत होतीस तेव्हा पाण्यातल्याने शिटलं. कागद शिटतो का?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर डॉक्टर त्याच्या मांडीवर जाऊन बसले असते फोटोला. एवढ्या लांबून आलाय बिचारा, निजू दे की."

मामा खाली मान घालून हसत होता. रुमाल तोंडात कोंबलेला होता.

करकोचा आता जागा झाला होता. दोन्ही पाय पाण्यात, चोच खाली. त्याने एक मासा टिपला, मान वर करून गिळला, आणि ती मान खरोखरच जाड दिसली. मग त्याने पंख उघडले. खोलीभर पंख. गवत आडवं झालं. तो वर चढत गेला, एक वळसा घेतला आणि लाल पाय मागे लांबवून दक्षिणेकडे निघून गेला.

"गेला," मामा म्हणाला. "संध्याकाळपर्यंत जाईल म्हणालो होतो."

"हो. शब्द पाळलास."

"म्हणजे ताई, उद्यापासून मी मंडळात?"

"छे!" मावशी बादली उचलत म्हणाली. "सगळ्यांसमोर कबूल केलंस की तू ठेवलास म्हणून. आणखी एक वर्ष बाहेर."

"अगं, पण तुला तर..."

"शिस्त म्हणजे शिस्त." ती दारापर्यंत गेली, कुलूप हातात घेऊन थांबली. "संध्याकाळी मात्र मंडळ नसतं. आणि हे कुलूप लावायचं मी हल्ली विसरते. वय झालं."

तिने कुलूप पदराला पुसलं आणि पर्समध्ये टाकून निघून गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मामा बूट घालतो.

डॉक्टरांनी पुढे मामाकडे एक करकोचा मागितला, दवाखान्यासाठी. "नाटकातल्यासारखा हं. तळ्यातल्यासारखा नको."

मामाने हो म्हटलं आणि तळ्यातला केला. अगदी तसाच: जाड मान, भडक पाय, मिटत आलेला डोळा, छातीची ओली पिसंसुद्धा. आयुष्यात इतकं खरं काम त्याने केलेलं नाही. तो आता दवाखान्यात खुर्चीच्या समोर उभा आहे. आ वासून पडलेल्या प्रत्येक पेशंटला डॉक्टर तो दाखवतात आणि सांगतात, "कलाकार हाताचा चांगला आहे. पण पक्षी नीट बघितलेला नाही कधी."

पेशंटच्या तोंडात तेव्हा डॉक्टरांचा हात असतो. मामा मागच्या महिन्यात दाढ दाखवायला म्हणून मुद्दाम जाऊन आला. दाढेला काही झालेलं नव्हतं.