माशाच्या गालाचा घास

म्याओबाईच्या घरी मासा शिजला की आधी त्याचा गाल निघायचा. लोण्यासारखा मऊ तो घास लेकाच्या वाडग्यात, आणि शेपटीकडचे काटे तिच्या स्वतःच्या. आधीची लेकरं हाती लागली नव्हती. म्हणून या एकुलत्याचं नाव तिनं ठेवलं सुओजू, म्हणजे कुलपात ठेवलेला. कुणी नेऊ नये म्हणून.

तरी नेलाच. त्या वर्षांत यी नदीपल्याडच्या डोंगरातले दरोडेखोर बाजाराच्या वाटेवर माणसं उचलत आणि घरच्यांकडून खंडणी मागत. सुओजूबरोबर शेजारचा दोरवाला पांगही सापडला होता. तो मात्र लगेच सुटून आला.

"भावजी, तुमाला सोडलं, मग माझ्या पोराला का ठेवलं?"

"वहिनी, तिथं परत्येकापुढं मासा ठेवत्यात. खाण्यावरनं घर वळखत्यात. मी हावऱ्यावानी माशाच्या पोटावर तुटून पडलो. म्हणले, भिकारडं हाय, हाकला! तुमच्या पोरानं अलगद गाल काढला. झालं! म्हणले, गालाची चव रोज मासा खाणाऱ्यालाच ठावी, हा सावकाराचा."

म्याओबाईनं गवती वहाणा पायात अडकवल्या. मग पांगला वाट दाखवायला घेऊन ती डोंगर चढली.

टोळीचा म्होरक्या तिच्या गवती वहाणांकडं बघून हसला. "पोरगं मोठ्या घरचं आन् आई अशी? म्हातारे, सोंग झ्याक जमलंय!"

तिच्याही पुढं मासा आला. पोटात आग पडली होती, तरी सवयीनं हातातल्या जेवायच्या काड्या गालाकडंच गेल्या.

"बघा, खानदानी!" म्होरक्यानं मांडीवर थाप मारली.

पण तिनं तो घास कडेला ठेवला आणि काटे चोखायला घेतले.

"तो का टाकला?"

"टाकला कुठं? पोराचा हाय. मी कवा चाखला न्हाई."

म्होरक्याचं हसू मावळलं. "आधी यायचंस, मावशे. निम्मी टोळी फौजेत गेली. फौजेला माणसं कमी पडली, तशी आमी धरलेल्यांच्या हातीबी बंदुका दिल्या. तुझा पोरगाबी गेला त्यांच्यासंगं उत्तरंला."

ती परतली. पुढं किती फौजा गावावरून गेल्या. प्रत्येक वेळी ती वेशीवर उभी राहून चेहरे बघायची आणि तशीच माघारी यायची. मासा शिजला की गाल मात्र वेगळ्या वाडग्यात पडायचा.

"खा की वहिनी, निवतंय," पांग म्हणायचा.

"निवल्यालं त्याला आवडत न्हाई," म्हणत ती वाडगा चुलीच्या उबेला सरकवायची.