जवळा आणि द्वारपाल

गच्चीचं दार मी लावलं नव्हतं, आणि लावलंय असं वहिनीला सांगितलं होतं. पुढं जे झालं त्याचा दोष माझा होता, तिचा नव्हता. एवढंसं खरं बोलायला मला पंचवीसेक वर्षं लागली. तेही आपणहून नाही. एका फसलेल्या व्हिडिओ गेमनं ते माझ्याकडून वदवून घेतलं, म्हणून आधी त्या गेमच्या जुन्या रूपाबद्दल सांगतो.

मी कॉलेजात असताना मुंबईच्या एका मित्राकडून वापरलेला गेमचा डबा आणला होता. आमच्याकडच्या खाऱ्या हवेनं त्याचं लवकरच काहीतरी बिनसलं. उलटा करून ठेवला तरच तो सीडी वाचायचा. त्यावर मी एकच गेम खेळायचो. त्या मालिकेचे तीन भाग आले होते, त्यातला हा तिसरा. एक चोर, त्याच्याकडे दोर आणि दोराला आकडा. कौलांवरून, तटावरून, डोलकाठ्यांवरून त्याला पुढं न्यायचं. कुठं जायचं ते कोणी सांगत नसे. आकडा कुठं अडकेल ते बघून बघून शिकायचं, पडायचं, मरायचं, पुन्हा उठायचं. शेवटी एक दरवाजा आणि त्याच्यासमोर द्वारपाल. त्या द्वारपालानं मला इतक्यांदा मारलं की झोपेतही त्याच्या साखळदंडाचा आवाज यायचा.

वहिनी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. म्हसळ्याच्या पलीकडचं भातशेतीचं गाव तिचं. आमचं घर मिठागरवाल्यांचं, पण मीठ केव्हाच सुटलं होतं आणि दादा ट्रक घेऊन आठवडेच्या आठवडे बाहेर असे. दुपारी भांडी आवरली की वहिनी दाराशी तांदूळ निवडत बसायची आणि माझं मरण बघायची. बरेच दिवस काही बोलली नाही. मग एकदा म्हणाली,

"भावजी, तुम्हाला घाई फार."

"म्हणजे?"

"आमच्याकडे बांधावर मुठे धरतात. मुठा म्हणजे शेतातला खेकडा. बिळात हात घातला की चावतो. बाहेर येईस्तोवर गप बसायचं. तो तुमचा राक्षस वार करायच्या आधी डावा खांदा उचलतो, बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं. मी रिमोट तिच्या हातात दिला. आमच्या घरी त्याला सगळे रिमोटच म्हणत. महिन्याभरात ती माझ्यापेक्षा सरस झाली. माझे मित्र आले की मात्र ती आत जायची आणि तिनं पार केलेले तट मी माझे म्हणून दाखवायचो. तेही इथं कबूल करून टाकतो.

ती मे महिन्यातली दुपार. पावसाळ्याची बेगमी, आमच्याकडे तिला आगोट म्हणतात, चालू होती. अलिबागहून आणलेला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, गच्चीवर चादरी अंथरून सुकत घातला होता. वर्षभराची कोशिंबीर, चटणी, वांग्यातलं कालवण, सगळं त्या चादरींवर. आई शेजारच्या गावात हळदीला गेली होती आणि जाताना काठी माझ्या हातात देऊन गेली होती. माझ्या, वहिनीच्या नव्हे. "कावळे राख, कुत्री राख, जागचा हलू नको."

मी हललो. ऊन लागत होतं आणि डोक्यात द्वारपाल होता. खाली येऊन डबा सुरू केला, मेलो, परत मेलो. मग स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला गळ घातली.

"एकदाच ये. तूच मारशील त्याला."

"आणि जवळा?"

"दार लावलंय मी."

ती येऊन बसली. पदर खोचला. द्वारपालानं खांदा उचलला की ती बाजूला होई आणि त्याचा वार रिकामा गेला की एकच घाव घाली. त्याचा जीव अगदी चिमूटभर उरला होता. तेवढ्यात वर धडधड ऐकू आली. तिनं रिमोट टाकला, केरसुणी उचलली आणि अंगणातल्या जिन्यावर धावली. मी तिच्या मागून. गच्चीवर गावातली कुत्री जेवणावळीला बसल्यासारखी बसली होती. चादरी फाटल्या होत्या. उरलासुरला जवळा मातीत कालवलेला.

आई आली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "वहिनीनं हाक मारली म्हणून खाली आलो. ती गेम खेळत होती."

एवढंच म्हणालो. त्यातला दुसरा भाग खरा होता, म्हणून पहिला खपला. वहिनीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि केर भरायला लागली. आईनं डबा गोणपाटात बांधून माळ्यावर टाकला. वहिनीनं त्यानंतर रिमोट हातात धरला नाही.

लोकांना वाटेल, थोडा जवळा गेला, त्यात काय एवढं. पण घरात एक म्हण पडली. वहिनी टीव्हीसमोर बसली की कोणीतरी म्हणायचं, "कुत्रं आलं बघ!" दूध उतू गेलं तरी "कुत्रं आलं." लग्नात, बारशात, नव्या पाहुण्यांसमोर आई रंगवून सांगायची, "आमच्या सूनबायला जवळ्यापेक्षा राक्षस मोठा!" वहिनीनं पुढं दोन मुलं वाढवली, दादाच्या ट्रकांचा सगळा कारभार सांभाळला, आईच्या आजारपणात रात्री काढल्या. तरी नवी ओळख करून देताना तिची हीच गोष्ट पुढं यायची, आणि मी प्रत्येक वेळी हसणाऱ्यांत असायचो.

मागच्या वर्षी ऐकलं की ती मालिका पुन्हा येतेय. नव्यानं, पहिल्यापासून. रीबूट. मला खोटं बोलायचं नाही, माझे डोळे भरून आले. पुतण्याचं लग्न झालं तेव्हा आहेर म्हणून नवा डबा आणि तो गेम दिला. नाव पुतण्याचं होतं, पण आहेर वहिनीचा होता. मला वाटलं, तिचा अर्धा राहिलेला घाव तिला परत मिळेल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

रविवारी दुपारी सगळे बसलो. वहिनी, आई, पुतण्या, त्याची नवी बायको. डबा आधी इंटरनेटवरून काहीबाही उतरवत बसला. गेम सुरू झाला तोवर आईची एक झोप झाली होती.

आणि मग जे दिसलं त्याबद्दल मी आजही गप्प बसणार नाही. चोराला आता तोंड फुटलं होतं आणि ते मिटत नव्हतं. कौलावर चढला की "मी चढलो," खाली बघितलं की "फार उंच आहे." आकडा जिथं अडकवायचा तिथं पिवळा रंग फासलेला. पुढं कुठं जायचं त्याचा बाण. दोनदा पडलं की विचारणार, सोपं करून देऊ का? दोराचे नवे रंग विकत घ्या म्हणून मध्येच दुकान. चित्रं मात्र अशी की घामाचा थेंबन् थेंब दिसतो.

"काका, तुला जुनं ते सोनं," पुतण्या म्हणाला. "आता लोकांकडे वेळ नसतो."

"वेळ नसेल तर खेळू नये. माणसाला पडूच द्यायचं नाही, तर त्याला कौलावर चढवता कशाला?"

"अरे, गेम आहे तो!"

"म्हणूनच सांगतोय. गेम आहे, पालखी नाही."

नवी सून हसली. पुतण्यानं घाईघाईनं खेळून द्वारपाल गाठला, बाणांच्या मागं मागं गेलं की फार वेळ लागत नाही, आणि रिमोट वहिनीच्या हातात दिला. "घे आई. तुझा राक्षस."

वहिनीनं पदर खोचला. मी ते बघितलं. तिचे केस आता पिकलेत, पण बसणं तेच. द्वारपाल आला. त्याला आता बालपण दिलं होतं. आई गेली, घर जळलं, वगैरे. तो रडून सांगत होता. वहिनी त्याच्या डाव्या खांद्याकडं बघत थांबली होती. खांदा हललाच नाही. पडद्यावर एक बटन उमटलं. तिनं रिमोटवर ते दाबलं. चित्र हळू झालं, चोरानं उडी मारली, तलवार आरपार, द्वारपाल खाली, ढोल, आतषबाजी.

"मेला?" वहिनीनं विचारलं.

"मारलास तू!" पुतण्यानं टाळ्या वाजवल्या.

"मी कुठं मारला? मी नुसतं बटन दाबलं. तो आपला आपणच मेला." तिनं रिमोट मांडीवर ठेवला. "असा मेलेला मला नको."

मी पेटलो. त्या गेमवाल्यांना शिव्या घातल्या. म्हटलं, हे चोर आहेत, माणसाचा घाव चोरतात आणि वर टाळ्या वाजवतात. अजूनही माझं तेच म्हणणं आहे, त्यातला एक शब्द मागं घेणार नाही. पण बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. हिचा पहिला घाव कोणी चोरला होता? त्यांनी फुकटची जीत दिली. मी फुकटची हार दिली होती, आणि वर पंचवीस वर्षं हसलो होतो.

तेवढ्यात आई खुर्चीतून म्हणाली, "सूनबाय, वर जाऊन बघ गं जरा. कुत्रं आलं असंल!"

सगळे हसले. वहिनीही हसली, नेहमीसारखी. नव्या सुनेनं विचारलं, "कसलं कुत्रं?" आई सरसावून बसली. "अगं, तुझ्या सासूची गंमत हाय. नवी व्हती तवा..."

"आई, थांब," मी म्हणालो. "ती गोष्ट चुकीची आहे. मी सांगतो."

आणि सांगितली. काठी कोणाच्या हातात होती, कोण कोणाला बोलवायला गेलं, तिनं जवळ्याचं विचारलं तेव्हा मी काय म्हणालो. कोणी हसलं नाही. टीव्हीवर आतषबाजी चालूच होती, पुतण्यानं आवाज बंद केला.

"आता कशाला उकरतोस?" आई म्हणाली. "किती वर्सं झाली."

"तितकी वर्षं तू हिच्यावर हसलीस, आई. माझ्यावर हसायला हवं होतंस."

आईनं पाय वर घेतले आणि वहिनीकडं बघत राहिली.

"मला ठाऊक होतं," वहिनी म्हणाली. "वर धावले तेव्हा दाराची कडी लोंबत होती."

"मग बोलली का नाहीस?" पुतण्यानं विचारलं.

"नवी होते घरात. कडी बघितली म्हणून माझं कोण ऐकणार?" तिनं माझ्याकडं पाहिलं. "आणि म्हटलं, बिळात हात घालायचा नाही. मुठा येईल कधीतरी बाहेर."

मला हसू आलं नाही. मी खुर्चीवरून उठून तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"वहिनी, दार मी उघडं टाकलं. तुला बोलावलं मी, आणि आईसमोर नाव तुझं घेतलं. चुकलं माझं. मला माफ कर."