बॉनेट न कापता

व्हर्लिन प्रुइटला मी चाळीस वर्षं ओळखत होते आणि त्यातली निदान तीस तरी त्याच्याशी भांडत होते. हचिन्सनच्या बाहेर माझं भंगार गाड्यांचं आवार आहे. वडिलांच्या मागे ते मीच चालवते. व्हर्लिनचा धंदा म्हणजे बंद पडलेले स्टार्टर आणि अल्टरनेटर उघडायचे, आतली तार पुन्हा गुंडाळायची आणि चालू करून द्यायचे. आठवड्यातून दोनदा तरी तो माझ्या काउंटरपाशी यायचा आणि प्रत्येक वस्तूला नावं ठेवून मगच ती घ्यायचा.

त्याच्याकडे चौतीस सालची एक फोर्ड होती, दोन दरवाज्यांची. सहासष्ट साली त्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं, गेलननं, ती शेतातून ओढून आणली होती. तिचं बॉनेट गेलननं एक अख्खा हिवाळा खपून हातानं ठोकून बनवलं. पुढे गेलन हार्ट अटॅकनं गेला आणि ते बॉनेट देव्हाऱ्यातली वस्तू झालं. आत व्हर्लिननं बसवलेलं इंजिन दांडगं. बाकी सगळं कसंबसं मावलं, फक्त बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला जागा उरली नाही. तो कुठेही लावला तरी बॉनेटची उजवी बाजू दोन बोटं वर राहायची.

"कापून टाक की तेवढं! सगळेच कापतात," मी म्हणायचे.

"आधी माझा हात काप," तो म्हणायचा.

उरलेल्या जागेत बरोबर बसेल असा लाकडाचा एक ठोकळा त्यानं तासून घेतला होता. सोललेल्या नारळाएवढा असेल. तो कोटाच्या खिशात घेऊन फिरायचा आणि दिसेल त्या अल्टरनेटरशेजारी धरून बघायचा. प्रत्येक अल्टरनेटर बोटभर तरी मोठाच निघायचा. अशी वर्षं गेली. त्याला घाई नव्हती.

घाई झाली ती आर्डिथमुळे. आर्डिथ म्हणजे त्याची बायको. तिचं माहेर दोनशे मैल पश्चिमेला, स्कॉट सिटीच्याही पलीकडे. अडुसष्ट साली चर्चच्या पायरीवर, सगळ्यांच्या देखत, व्हर्लिन तिला म्हणाला होता, "तुला माहेरी नेईन तर याच गाडीतून." मग अलीकडच्या एका हिवाळ्यात तिचा जुना कॅन्सर उलटला. डॉक्टरांनी पानगळीपर्यंतची मुदत सांगितली. तिला दुसरं काही नको होतं, त्या गाडीतून माहेरी जायचं होतं. नुसत्या बॅटरीवर गावात चक्कर मारता आली असती, पण दोनशे मैल कसे जाणार?

मार्चमध्ये ती माझ्याकडे चिलीचा तिखट रस्सा आणि सिनॅमन रोल घेऊन आली. रंग उतरला होता, पण गाडी स्वतः चालवत आली होती.

"पिकअपमधून जा ना गं," मी म्हटलं.

"पिकअपमधून केमोला जाते मी. माहेरीही त्यातूनच जाऊ?" ती हसून म्हणाली.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या मागच्या फळीवर एका जपानी व्हॅनचा अल्टरनेटर पडलेला होता. तो त्या जागेत बसणार हे मला बघताक्षणी कळलं होतं. मी बोलले नाही. व्हर्लिनचे वडील चव्वेचाळीस साली पॅसिफिकमध्ये जपान्यांनी फोडलेल्या बोटीबरोबर बुडाले, तेव्हा तो आठ महिन्यांचा होता. त्याच्या आईनं घरात जपानी वस्तू कधी येऊ दिली नाही आणि त्यानंही नाही. जपानी गाडी दुकानात आली की तो हात न लावता परत पाठवायचा. मी एकदा चुकून त्याच्या हातात जपानी पाना दिला, तर चार महिने माझ्याकडे फिरकला नव्हता. कॅटलॉगमधले छोटे अल्टरनेटरही सगळे तिकडच्याच बनावटीचे, म्हणून ते पान तो उलटून टाकायचा. ओमाहा, तुल्सा, सगळीकडे त्यानं पत्रं पाठवली. खोकी आली आणि परत गेली.

ऑगस्टमध्ये आर्डिथला काठी लागली. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तो अल्टरनेटर काढला, त्यावरची अक्षरं घासून घालवली, काळा रंग मारला आणि वर ग्रीस फासलं.

"इलिनॉयच्या एका जुन्या फोर्कलिफ्टचा आहे," मी त्याला बेधडक सांगितलं.

त्यानं ठोकळा शेजारी धरला. "बसेल," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला, बॉनेट बंद झालं होतं. त्याला बनवल्याचा मला फार अभिमान वाटला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ते निघाले. आर्डिथच्या डोक्याला निळा रुमाल, पाठीला दोन उशा. मी रस्त्यावर उभी राहून हात हलवला आणि रडले. दोन तासांत गाडी परत आली. वाटेतल्या ग्रेट बेंड गावाच्या अलीकडेच ती म्हणाली होती, "व्हर्लिन, वळव आता. बसवत नाही." गाडीचं काही बिघडलं नव्हतं. इंजिन तापलं नव्हतं, चार्जिंगचा काटा जागेवर होता. ऑक्टोबरमध्ये ती गेली.

नोव्हेंबरात व्हर्लिन माझ्याकडे आला. बराच वेळ उगाच स्क्रू चाळत राहिला.

"ट्विला, तो फोर्कलिफ्टचा नव्हता."

हातातलं फडकं मी काउंटरवर ठेवलं.

"उघडून बघितल्याशिवाय मी काही बसवतो का, बाई? आतल्या बाजूला त्यांची अक्षरं होती. ती घासायची राहिली तुझी."

चाळीस वर्षं ज्याला मी अल्टरनेटर उघडण्याशिवाय दुसरं काही करताना पाहिलं नाही, तो हा अल्टरनेटर न उघडता बसवेल असं मी धरून चालले होते.

"आणि तरी बसवलास?"

"समोर ठेवून बसलो होतो. आतल्या खोलीत ती खोकत होती. मग बंद केला आणि बसवला." त्यानं वर पाहिलं. "तुझ्याकडे कधीपासून होता तो?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्याशी आणखी एक खोटं बोलायची मला लाज वाटली.

"मार्चपासून."

"मार्चमध्ये ती जेवत होती. गाडी चालवत होती," तो म्हणाला.

"तू घेतला नसतास, व्हर्लिन. तोंडावर फेकला असतास माझ्या."

त्यानं हातातला स्क्रू परत डब्यात टाकला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"हो, फेकला असता," तो म्हणाला. "पण तू तिला सांगायचं होतंस. तिनं मला घ्यायला लावला असता."

आर्डिथला सांगावं हे त्या सहा महिन्यांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.