नोकरीत असल्याचा दाखला

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती गेली, तेव्हा तिला सांगायचंही राहिलंच. तुम्ही ऐकून काही कराल म्हणून सांगतो, असंही नाही. पोटात ठेवून थकलो, एवढंच.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. नागपुरात रामदासपेठेतल्या एका वकिलांकडे मी टायपिस्ट होतो. बरीच वर्षं. मग नोकरी सोडली, एक जुना टाइपरायटर घेतला आणि कोर्टासमोर एका शिंप्याच्या ओट्यावर बसलो. पक्षकारांचे अर्ज, व्यापाऱ्यांची पत्रं – येईल ते काम. डोक्यावर कोणी मालक नाही, ह्याचं सुख वाटायचं. धास्तीही वाटायची. एक तारखेला कोणी पगार देणार नाही, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

वर्षभरात इन्कमटॅक्सच्या कचेरीतून कागद आला. स्वतःचा धंदा करता काय? कमाई किती? वह्या घेऊन या. आता वह्या कुठल्या? मी कधी काही लिहूनच ठेवलं नव्हतं. कोणा जाणत्याला विचारायचं होतं ना? विचारलं नाही. घाबरून सरळ गुलाबरावांकडे गेलो.

गुलाबराव त्याच वकिलांचे कारकून. काटोलकडचे, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. कचेरीचं काम मला त्यांनीच शिकवलं. मी त्यांना म्हटलं, मी अजून वकीलसाहेबांकडेच पगारी नोकर आहे, एवढं लिहून द्या.

"काहून इतका घाबरून राहिला गा?" ते म्हणाले. "जाऊन खरं सांगून दे न. खाऊन नाही टाकत ते तुले."

मी ऐकलं नाही. रडकुंडीला आलो. पायाही धरले असावेत – नीट आठवत नाही, की आठवायचं नाही? शेवटी त्यांनी साहेबांच्या नावाचा छापील कागद काढला. मजकूर मी टाइप केला. साहेबांच्या वतीनं सही त्यांनी केली.

तो दाखला मी इन्कमटॅक्सच्या कचेरीत दिला, आणि तिथल्या अधिकाऱ्यानं साहेबांनाच विचारलं. विचारणारच – हे मला का सुचलं नाही? साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून समोर उभं केलं. टेबलावर तो कागद होता. हा कोणी मागितला, एवढंच त्यांनी विचारलं.

इथे नेहमी थांबतो मी. मनातल्या मनातसुद्धा.

मी म्हणालो, मी मागितला नव्हता. गुलाबरावांनीच आपणहून दिला. आवाज कापलासुद्धा नाही. गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द काढला असता, तर साहेबांनी माझ्याआधी त्यांच्यावर विश्वास ठेवला असता. त्यांनी काढला नाही. का नाही? पुष्कळ वर्षं विचार केला. माझ्या सोयीचं उत्तर कधी निघालं नाही. त्याच दिवशी साहेबांनी त्यांच्याकडून कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना घरी पाठवलं.

आणि मला काय झालं? काही नाही. अधिकाऱ्यानं मला समोर बसवलं, दोन खडे शब्द सुनावले, महिन्याला साधारण काय सुटतं ते तोंडीच विचारलं. म्हणाला, तुमच्या कमाईवर कर बसतच नाही, जा.

पुढे काही महिन्यांनी गुलाबराव माझ्या ओट्यावर आले. कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कारकुनाची जागा होती, तिचा अर्ज टाइप करून हवा होता. ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. आधीची नोकरी कुठे, ह्या ओळीशी ते अडले.

"ते नको लिहू," म्हणाले. "विचारतीन तवा पाहू."

अर्ज हातात घेऊन त्यांनी नीट वाचला. एक चूक दाखवली, ती मी सुधारली. मग त्यांनी टायपिंगचे पैसे ओट्यावर ठेवले. मी नको म्हणायला हवं होतं. निदान तेवढं. त्यांच्यामागे दुसरा पक्षकार उभा होता. मी पैसे उचलले आणि त्याला पुढे बोलावलं.