आले का सगळे?

जपानात, उरायासूला आमच्या मजल्यावर मोम्बासाची एक बाई राहायला आली. इथे शेजाऱ्याच्या दाराकडे बघणंसुद्धा आगाऊपणाचं मानतात, पण मी पडले चौकस. रोज दिवेलागणीला ती दार सताड उघडायची, रिकाम्या जिन्याकडे बघून काहीतरी म्हणायची, जरा थांबायची आणि दार लावून घ्यायची. मला ते बघून कसंतरीच व्हायचं.

एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून दूध घेऊन वर येताना तिचे शब्द नीट ऐकू आले.

"आलेका सागळे?"

कडी लावण्याआधी माझी आई हेच विचारायची! डोक्यात कणीक भिजवायची घाई. सवयीने बोलून गेले, "हो, आले, आले."

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. मला हाताला धरून तिने आत नेलं आणि इंग्रजीत सांगू लागली, "ही आमच्या घरातली प्रार्थना आहे. भाषा कोणती ते कुणालाच माहीत नाही. आजवर उत्तर कधीच आलं नव्हतं."

तिच्या खापरपणजीला लहानपणी गुलाम म्हणून गलबतात कोंबलं होतं. किनाऱ्यालगत गस्त घालणाऱ्या इंग्रजी लढाऊ जहाजाने ते गलबत पकडलं. सोडवलेली मुलं मुंबईला उतरवली, नाशिकच्या मिशनात वाढवली आणि मोठेपणी परत आफ्रिकेत, मोम्बासाला पाठवली. पहिल्या गलबताची झडती चालू असताना मागचं दुसरं मात्र निसटलं. त्यात खापरपणजीचा धाकटा भाऊ होता.

नाशिक माझं माहेर.

"अर्थ सांगा ना," ती म्हणाली. प्रार्थनाच आहे म्हणून वेळ मारून न्यावी, असं फार वाटलं. पण तिच्या डोळ्यांकडे बघून खोटं बोलवेना. दार लावण्याआधी घरातली सगळी माणसं परत आली का, असं विचारतात, मी सांगितलं.

तिने दाराकडे बघितलं.

"आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"हो, आले, असं म्हणाले," मी कशीबशी बोलले. "सगळे आले."

दार अजून उघडंच होतं. त्याच्याकडे पाठ करून बसायची मला भीती वाटू लागली. ती मात्र उठली, दाराशी काढलेले स्वतःचे बूट तिने बाजूला सरकवले आणि एका लहानशा जोड्यापुरती जागा केली.